बोलेल त्याचा संगणक

सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणारा मराठी माणूस दिवसभरात चार-चार भाषा बोलतो. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, कारखान्यात हिंदी, रिंग रोडच्या कापड बाजारात गुजराती आणि गावाकडून फोन आला की पुन्हा आपली मराठी. मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत जात असतील, तर तिथली प्रमाण मराठी वेगळीच. या सगळ्या भाषांत तो भाव करतो, हिशेब सांगतो, भांडतो, तडजोड करतो. कुठेही अडत नाही. अडतो तो संगणकासमोर. तिथे इंग्रजी वाचावी लागते, बोटं कळफलकावर चालावी लागतात आणि कुठल्या खिडकीत कुठलं बटण आहे हे पाठ असावं लागतं. तोंडाने दहा माणसांचं काम सांगणारा माणूस तिथे गप्प बसतो आणि मुलाला किंवा मेहताजींना हाक मारतो.

हे पुस्तक त्या माणसासाठी आहे. आवाजाने संगणक कसा चालवायचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाकडून बोलून काम कसं करून घ्यायचं, हे त्यात पायरी-पायरीने सांगितलं आहे. पायऱ्यांना सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी ठामपणे मांडायच्या आहेत. पहिली, आपली बोली बाजूला ठेवून यंत्रासारखं बोलायला शिकणं हे आपलं काम नाही. आपली बोली शिकणं हे यंत्राचं काम आहे आणि त्यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे. दुसरी, काम सांगणारे आपण असलो तर ते तपासणारेही आपणच. काम पूर्ण शब्दांत सांगणं आणि झालेलं काम पाहून मगच होकार देणं, या दोन सवयी ज्याला लागल्या त्याच्या हाती संगणक आला असं समजावं.

सुरतेचा आणि खानदेशाचा संबंध जुना आहे. तापी दोन्हीकडे वाहते. एकोणिसावं शतक संपता संपता ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि सुरत, नंदुरबार, अमळनेर, जळगाव हे एका रुळावर आले. याच मार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे आली. कुणी लूमवर लागलं, कुणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, कुणी हिरे घासायच्या घंटीवर. कित्येक घरांत बाया साड्यांचं धागा कटिंग करतात, टिकल्या आणि स्टोन लावतात. पुढची पिढी एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करते, बिलं बनवते, ऑनलाइन साड्या विकते. म्हणजे संगणक या वस्तीत कधीच येऊन पोचला आहे. तो वापरू शकणारी माणसं मात्र प्रत्येक घरात एक-दोनच आहेत आणि बाकीच्यांचं काम त्या एक-दोघांवर अवलंबून असतं.

याच खानदेशात, जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, घरकाम करताना त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यातलं जे ऐकलं ते लिहून ठेवलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापून आली. घरात लिहून घेणारं कुणी होतं म्हणून तेवढं वाचलं. ज्या घरांत असं कुणी नव्हतं, तिथलं किती गेलं याची मोजदाद कुणाकडे नाही.

त्याच १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ऑड्री नावाचं यंत्र तयार झालं. शून्य ते नऊ हे आकडे त्याला ऐकून ओळखता यायचे. तेही बोलणाऱ्याने मध्ये थांबत थांबत उच्चारले आणि यंत्र त्याच्या आवाजाशी जुळवून घेतलेलं असलं तरच. १९६२ मध्ये आयबीएमने लोकांना दाखवलेलं शूबॉक्स सोळा शब्द ओळखत होतं. १९७६ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातली हार्पी ही प्रणाली हजारावर शब्दांपर्यंत पोचली. तिथे या संशोधनाचं नेतृत्व करणारे राज रेड्डी मूळचे आंध्र प्रदेशातल्या एका खेड्यातले. १९९४ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग आलं आणि न थांबता, सलग बोललेलं इंग्रजी पडद्यावर उमटू लागलं. मराठीला वीस वर्षं वाट पाहावी लागली. गुगलने बोलून टाइप करण्याची सोय मराठीला, गुजरातीला आणि आणखी काही भारतीय भाषांना २०१७ साली दिली. २०१८ मध्ये गुगल असिस्टंट मराठी बोलू लागला.

आज ज्याला सरसकट ‘आवाजाने संगणक चालवणं’ म्हणतात, त्यात खरं तर तीन निरनिराळी कामं आहेत. ती वेगळी ओळखली नाहीत तर अपेक्षा चुकतात आणि माणूस दोन दिवसांत नाद सोडून देतो.

पहिलं काम श्रुतलेखनाचं. तुम्ही बोलायचं, यंत्राने लिहायचं. पत्र, अर्ज, निरोप, मालाचं वर्णन यांना हे उत्तम. मराठीत हे आज बऱ्यापैकी चालतं. जोडाक्षरं कळफलकावर शोधत बसायला लागणारा वेळ वाचतो.

दुसरं काम हुकमाचं. पडद्यावरच्या गोष्टी आवाजाने उघडायच्या, बंद करायच्या, निवडायच्या. ॲपलने २०१९ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये २०२२ साली ही सोय दिली. ‘शो नंबर्स’ म्हटलं की पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर, प्रत्येक दुव्यावर एकेक आकडा चिकटतो. मग बटणाचं नाव माहीत नसलं तरी चालतं. ‘क्लिक सेव्हन’ म्हटलं की सात नंबरचं बटण दाबलं जातं. जिथे बटणच नाही, चित्रातली एखादी जागा दाबायची आहे, तिथे ‘शो ग्रिड’ म्हणायचं. पडद्यावर चौकटी पडतात. हव्या त्या चौकटीचा आकडा सांगितला की तिच्यात आणखी बारीक चौकटी पडतात आणि असं करत दोन-तीन आकड्यांत नेमक्या जागी पोचता येतं. विंडोजमधली ही सोय सुरू झाली ती अमेरिकी इंग्रजीत, म्हणून या पुस्तकात हे मोजके इंग्रजी हुकूम देवनागरीत लिहून दिले आहेत. ते थोडे आहेत आणि आठवडाभरात तोंडात बसतात.

तिसरं काम सहायकाचं आणि ते सगळ्यात नवं आहे. इथे तुम्ही बटण सांगत नाही, काम सांगता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने आपल्या क्लॉड या सहायकाला संगणक वापरायला दिला. जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयने ऑपरेटर आणला. असा सहायक पडद्याचं चित्र घेतो, कुठे काय आहे हे ओळखतो, एक पाऊल टाकतो, पुन्हा चित्र घेतो आणि आपलं पाऊल बरोबर पडलं का ते पाहून पुढे जातो. काम संपेपर्यंत हे चालू राहतं. मधल्या दहा पायऱ्या तुम्हाला माहीत असण्याची गरज उरत नाही. गरज उरते ती काम नीट सांगण्याची.

कापडाच्या धंद्यातलं उदाहरण घेऊ. आयकर कायद्यात ४३-ब (एच) हे कलम आल्यापासून लहान कारखानदाराचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचा प्रश्न या बाजारात रोज निघतो. एखादा लूमवाला सहायकाला म्हणाला, ‘थकबाकी दाखव,’ तर त्याला काहीही दिसू शकतं: सगळ्या पार्ट्यांची, सगळ्या वर्षांची, येणी आणि देणी एकत्र. तेच त्याने असं सांगावं: ‘ज्या पार्ट्यांकडून आपले पैसे यायचे आहेत आणि बिलाच्या तारखेपासून पंचेचाळीस दिवस उलटून गेले आहेत, त्यांची यादी कर. पार्टीचं नाव, बिल नंबर, तारीख, रक्कम. मोठी रक्कम वर. कुणाला काही पाठवू नकोस, आधी मला दाखव.’ या सांगण्यात कुणाकडून, कधीपासून, काय हवं, कुठल्या क्रमाने आणि कुठे थांबायचं, हे पाचही मुद्दे आले. नव्या पोऱ्याला काम समजावताना आपला अनुभवी शेठ किंवा मास्तर असंच बोलतो. म्हणून मला वाटतं की ज्यांनी आयुष्यभर माणसांकडून काम करून घेतलं आहे, ते या बाबतीत तरुण पोरांपेक्षा पुढे जातील.

आता अडचणींकडे येऊ. पहिली अडचण आकड्यांची. आपण पावणेतीनशे मीटर म्हणतो, साडेसात रुपये म्हणतो, दीड लाख म्हणतो. यंत्राला आधी हे शब्द ओळखावे लागतात आणि मग त्यांचे २७५, ७.५०, १,५०,००० असे आकडे करावे लागतात. या दुसऱ्या पायरीत यंत्रं मराठीत अजून कच्ची आहेत. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत सुरुवात सारखीच असल्याने शेवटचा अर्धा उच्चार गेला की आकडा दहाने किंवा विसाने चुकतो. त्यात सुरतेत बोलता बोलता गुजराती आकडा येतो: दोनशेला ‘बसो’ म्हटलं की मराठीवर लावलेलं यंत्र कुणाला तरी बसायला सांगतं. यावर उपाय सोपा आहे. रक्कम आणि मीटर सांगताना अंक सुटे सांगावेत, ‘दोन सात पाच’, आणि सहायकाला ते परत वाचून दाखवायला सांगावं. बिल करताना ही सवय मोडू नये.

दुसरी अडचण आवाजाची. चालू लूमच्या खात्यात नव्वद ते शंभर डेसिबलचा कडकडाट असतो. तिथे टेबलावर ठेवलेल्या मोबाइलशी बोलून उपयोग नाही. माइक तोंडापासून चाळीस सेंटिमीटरवरून दहा सेंटिमीटरवर आणला तर आपल्या आवाजाची त्याच्यावर पडणारी तीव्रता सोळा पट होते आणि खात्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. कॉलरला लावायचा साधा माइक म्हणूनच महागड्या संगणकापेक्षा जास्त कामाचा. शक्य असेल तिथे काचेच्या केबिनमध्ये जाऊन बोलावं.

तिसरी अडचण सगळ्यात खोल आहे, ती बोलीची. आजची प्रणाली कुणी व्याकरणाचे नियम शिकवून तयार होत नाही. आवाजाचे बारीक-बारीक तुकडे आणि त्यांच्यासमोर लिहिलेला मजकूर असा प्रचंड साठा तिला दिला जातो आणि त्यातून ती कुठल्या ध्वनीमागे कुठला शब्द येतो हे शिकते. साठ्यात जो बोलला नाही, तो तिला कळत नाही. २०२० साली अमेरिकेतल्या पाच बड्या कंपन्यांच्या प्रणाली तपासून संशोधकांनी दाखवून दिलं की गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सुमारे १९ चुका होत असतील, तर काळ्या माणसांच्या बोलण्यात ३५ होतात. भाषा एकच, इंग्रजी. मग आपलं काय? ओपनएआयने २०२२ मध्ये व्हिस्पर ही प्रणाली खुली केली. ती ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकली होती. त्यात मराठी बोलणं आणि त्याचा मराठीत लिहिलेला मजकूर असं जोडीने मिळालेलं मुद्रण तासाभराहूनही कमी होतं.

ही मराठीची कथा. अहिराणीची तर त्याहून अवघड. अहिराणीत ‘माझा’ला ‘मना’ म्हणतात, ‘मी जात आहे’ला ‘मी जाई ऱ्हायनू’. प्रमाण मराठीवर शिकलेलं यंत्र इथे ओळीमागून ओळ चुकतं. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने शतकापूर्वीच खानदेशीची (अहिराणी तिच्यातच येते) दखल मराठीपासून वेगळी, भिल्ल भाषांच्या खंडात घेतली होती. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे अठरा लाखांवर नोंदले गेले. तरीही आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत ती नाही आणि सरकारी भाषा-प्रकल्पांची आखणी बहुधा त्या बावीसांपासूनच होते.

तरी निराश व्हावं असं चित्र नाही. मराठीतच याचा एक चांगला दाखला आहे. खेड्यातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांकडून संशोधकांनी मराठी वाचन मोबाइलवर मुद्रित करून घेतलं आणि त्याचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध केला. ३६ जणांनी मिळून १०९ तासांचं मुद्रण दिलं. गरीब घरांतल्या माणसांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं निघालं आणि त्यांना त्याचे पैसेही मिळाले. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था गुगलच्या मदतीने ‘वाणी’ प्रकल्पात जिल्हावार बोलणं गोळा करते आहे. तिच्याच ‘रेस्पिन’ प्रकल्पात मराठीच्या बोलींना शेती आणि बँकेच्या व्यवहारांसाठी जागा दिली आहे. जुलै २०२२ मध्ये गांधीनगरला सुरू झालेला ‘भाषिणी’ हा केंद्र सरकारचा प्रकल्प, चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधला ‘एआयफॉरभारत’ हा गट आणि मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ हे सगळे सामान्य माणसाच्या आवाजाची वाट पाहत आहेत. कॉमन व्हॉइसवर मराठी आहे आणि तिथे दिलेला आवाज कुठलीही एक कंपनी कुलपात ठेवू शकत नाही. सुरतेतल्या मराठी मंडळांनी, शाळांनी, महिलांच्या बचतगटांनी हे काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. इथली मराठी, गुजरातीने भिजलेली, बाजाराच्या शब्दांनी भरलेली, पुण्यात बसून कुणी गोळा करणार नाही.

या साधनाची सगळ्यात मोठी गरज कुणाला आहे, हेही विसरू नये. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात यंत्रात गेला, ज्यांच्या बोटांना वर्षानुवर्षं घंटीवर काम करून कंप सुटला, त्यांच्यासाठी आवाज हीच पहिली वाट आहे. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत साधन २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी उभं केलं आणि ते आज मराठीही वाचतं. वाचून दाखवणारं साधन आणि ऐकून काम करणारा सहायक एकत्र आले की अंध माणूस स्वतःचा अर्ज स्वतः भरतो, आपल्या बँकेचा तपशील दुसऱ्या कुणाला न दाखवता पाहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहितीपर्यंत पोचण्याचा अधिकार दिलाच आहे. तो प्रत्यक्षात आणायला हे साधन उपयोगी पडतं. त्यांच्यासाठी या पुस्तकाचा एक पूर्ण भाग आहे आणि तो ध्वनिरूपातही ऐकता येईल असा लिहिला आहे.

आता धोके. ते लपवून पुस्तक लिहिणं मला बरोबर वाटत नाही. आवाज ओळखणाऱ्या प्रणाली कधीकधी न बोललेलं वाक्य लिहितात. व्हिस्परच्या २०२४ सालच्या एका अभ्यासात सुमारे शंभरातल्या एका मुद्रणात असं घडलेलं दिसलं आणि लांब थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत ते जास्त होतं. म्हणजे वयस्क माणसाने, अडखळत बोलणाऱ्याने तर लिहिलेलं परत ऐकूनच घ्यावं. सहायकाचा धोका आणखी निराळा. तो एखादं पान वाचत असताना त्या पानावरच कुणी लबाडाने ‘अमुक फाइल तमुक पत्त्यावर पाठव’ असं लिहून ठेवलं असेल, तर तो ते तुमचाच हुकूम समजू शकतो. म्हणून अनोळखी पानांवर त्याला मोकळं सोडू नये.

पैशाच्या बाबतीत तर एकच नियम. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘हॅलो यूपीआय’ ही बोलून पैसे पाठवण्याची सोय हिंदी आणि इंग्रजीत आणली. उद्या ती मराठीतही पोचेल आणि पोचावी. पण पिन आणि ओटीपी मोठ्याने बोलायचे नाहीत, कधीच नाहीत. बाजारात, दुकानात, बसमध्ये शेजारचा माणूस ऐकत असतो. ई-वे बिल, पगाराची यादी, बँकेचा व्यवहार यांत शेवटचं बटण स्वतःच्या हाताने दाबावं. हात चालत नसेल तर खात्रीच्या माणसाला शेजारी बसवून, रक्कम ऐकून, मग होकार द्यावा.

कारखानदारांनाही एक विनंती आहे. हिशेबासाठी लावलेला माइक कारागिरांच्या गप्पा ऐकायला वापरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाच्या माहितीवर त्याचा हक्क मान्य केला आहे आणि आवाज ही माहितीच आहे. ज्या खात्यात माणूस बोलायला घाबरतो, तिथे हे साधन कुणाच्याच कामाचं राहत नाही.

पुस्तकाची रचना अशी: पहिल्या भागात बोलून मराठी लिहिणं, दुसऱ्यात आवाजाचे हुकूम, तिसऱ्यात सहायकाकडून काम करून घेणं, चौथ्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी, पाचव्यात सुरक्षितता. प्रत्येक धड्याशेवटी करून पाहण्याचं एक काम दिलं आहे आणि ही कामं इथल्याच जगण्यातली आहेत: धागा कटिंगच्या साड्यांची रोजची मोजदाद, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, ग्रे कापडाच्या ताक्यांचं चलान, गावाकडच्या सातबाऱ्याची प्रत काढणं. पुस्तक ओळीने वाचलंच पाहिजे असं नाही. ज्याला आज जे काम अडलं आहे, त्याने तिथून सुरुवात करावी. शिकवणाऱ्याने मात्र घाई करू नये; शिकणाऱ्याच्या हातातला माउस ओढून घेऊन ‘असं करायचं’ म्हणू नये. त्याला बोलू द्यावं, चुकू द्यावं आणि यंत्राने काय ऐकलं ते त्याचं त्याला वाचू किंवा ऐकू द्यावं.

आणि यंत्र चुकलं तर ‘माझंच बोलणं गावठी’ असं कुणी म्हणू नये. चूक नोंदवावी, पुन्हा आपल्याच बोलीत सांगावं, जमेल तेव्हा आपला आवाज अशा साठ्यांना द्यावा. पुढच्या वर्षी याच वस्तीतली बाई संगणकासमोर बसेल, तेव्हा तिला एक वाक्य कमी वेळा सांगावं लागेल. ते घडवणं आपल्या हाती आहे आणि या पुस्तकाची सगळी खटपट त्यासाठीच आहे.